वडिलांची दुनळी कपाटात, परवाना त्यांच्याच नावावर

प्रश्न : आम्ही गावाबाहेर शेतवस्तीवर राहतो. चार महिन्यांपूर्वी वडील वारले. त्यांची बारा बोअरची दुनळी आणि थोडी काडतुसं घरातच आहेत. परवान्याची मुदत पुढच्या वर्षी संपते, तोवर घाई नाही, असं धाकटा भाऊ म्हणतो. वस्तीवर चोऱ्या वाढल्यात, रानडुकरं मका शिल्लक ठेवत नाहीत. ही बंदूक दोन्ही कामांना चालेल का? नळी थोडी कापली तर घरात वापरायला सोपी पडेल, असं एक मिस्त्री म्हणतो. कापून घेऊ का?

उत्तर : मिस्त्रीला आजच नाही म्हणून सांगा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. शिवाय संरक्षणासाठी किंवा खेळासाठी कायदा ज्या बंदुकीकडे जरा मोकळ्या मनानं बघतो, ती म्हणजे २० इंचांहून कमी नळी नसलेली, छर्ऱ्याची साधी बंदूक. नळी कापली की ती सवलतही गेली.

भावाचं म्हणणंही चुकीचं आहे. परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. वडील गेले तेव्हाच तो संपला. त्यावर छापलेली तारीख आता तुमच्या उपयोगाची नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल २ ते ५ वर्षं शिक्षा होऊ शकते. ‘वडिलांची आठवण म्हणून ठेवली’ हा बचाव न्यायालयात फार वेळ टिकत नाही.

म्हणून कलम २१ प्रमाणे बंदूक आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. निघण्याआधी ठाण्याला कळवा. मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना सोबत घ्या, बंदूक रिकामी असू द्या, काडतुसं वेगळी बांधा. पोच घेताना घाई करू नका. तिच्यावर बंदुकीचा क्रमांक, बोअर, नळ्या आणि काडतुसांची संख्या लिहिली आहे ना, हे तिथेच उभं राहून वाचा. ‘एक बंदूक मिळाली’ एवढ्यावर समाधान मानलंत तर पुढे परत घेताना डोकेदुखी होते.

जमा केली म्हणजे हातची गेली असं नाही. वारस म्हणून स्वतःच्या नावे परवाना मागा; वय २१ पूर्ण हवं. बाकीच्या वारसांची लेखी संमती जोडा, भावाचीही. पोलीस अहवाल येईल. नकार मिळाला तर कलम १८ खाली अपील करता येतं. परवाना नकोच असेल तर बंदूक विकण्याची परवानगी देता येते. मात्र वर्षानुवर्षं ती तशीच पडू देऊ नका, ठरलेल्या मुदतीत नेली नाही तर सरकारजमा होते.

आता चोरांचं. परवाना मिळाला म्हणजे गोळी घालायची मुभा मिळाली, असा समज मी वारंवार ऐकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याबाबत तो जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. मक्याची कणसं तोडून पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे घातलेत, तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्हीच असाल. हवेत बार काढून दहशत बसवायचा विचारही सोडा. निष्काळजीपणे गोळीबार करून जीव धोक्यात घातल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

रानडुकरासाठी शस्त्रपरवाना पुरत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकारच ठरतो. उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी कलम ११ खाली वनाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि ती मिळून डुक्कर मारलं तरी ते सरकारी मालमत्ता असतं. वाटून खायचा बेत असेल तर तो रद्द करा.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : वस्ती अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत आहे का? असेल तर नव्या परवान्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. अर्ज भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन अंतराची खात्री करून घ्या, नाहीतर फाइल तिथेच अडकेल.