युनोची शांतिसेना की शांतिरक्षक दल?

प्रश्न असा आलाय की मुलीला शाळेत 'युनोची स्वतःची कायमची फौज असावी का' यावर बोलायचंय, तर युनोच्या निळ्या हेल्मेटवाल्या सैनिकांना शांतिसेना म्हणायचं की शांतिरक्षक दल.

दल म्हणा. 'युनोने आपली सेना पाठवली' हे बातम्यांत इतक्यांदा ऐकलंय की आता खरंच चीड येते, अहो युनोकडे स्वतःची एक पलटणसुद्धा नाही, सैनिक देशोदेशींनी दिलेले, पगार-बढती ज्याच्या त्याच्या देशाकडून, युनो त्या सरकारांना माणशी महिना साधारण 1,400 डॉलर भरपाई देतं एवढंच.

शांति आणि रक्षक सगळ्यांना माहितीयेत, ते सोडा. खरी गंमत सेना या शब्दात आहे. वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात त्याचा कर्ता यास्क म्हणतो 'सेना सेश्वरा समानगतिर्वा'. इन म्हणजे स्वामी, स + इन, म्हणजे जिला धनी आहे ती सेना, नाहीतर जी सगळी मिळून एका चालीने जाते ती. काय सुंदर! कोशवाले मात्र 'सि' धातू काढतात, सेना म्हणजे मुळात फेकायचं शस्त्र म्हणे. मला हे अजिबात पटत नाही, भाला एकटा माणूसही फेकतो, त्याला सेना कोण म्हणतं? धनी आणि चाल, या दोन गोष्टींशिवाय सेना होतच नाही.

आता दल बघा. दल् म्हणजे फुटणं, दल म्हणजे फुटून निघालेला तुकडा, बिल्वदलातलं, द्विदलातलं दल तेच. युनोचं दल तंतोतंत असंच आहे. 1994 मध्ये आफ्रिकेतल्या रवांडात तुत्सींची कत्तल सुरू झाली, तिथल्या युनोच्या दलातले बेल्जियमचे 10 सैनिक मारले गेले, बेल्जियमने आपली तुकडी उचलून घरी नेली, दलाचे सेनापती डॅलेर जादा माणसं मागत होते आणि ऐन कत्तलीत सुरक्षा परिषदेने दल कमी करून 270 माणसांवर आणायचा ठराव केला. धनी घरी बसलेला, चाल ज्याची त्याची वेगळी. उलट 1987 ते 1990 श्रीलंकेत आपली शांतिसेना होती, तिथे सेनाच बरोबर, कारण धनी एकच, भारत सरकार.

म्हणून माझं स्पष्ट मत, युनोला खरीखुरी सेना हवी, छोटी का होईना पण थेट भरती केलेली. युनोचे माजी अधिकारी ब्रायन अर्कहार्ट यांनी 1993 मध्ये स्वयंसेवकांची अशी फौज सुचवली होती. युनोच्या सनदेच्या कलम 43 मध्ये सदस्य देशांनी सैन्य उपलब्ध करून द्यायचे करार करावेत असं 1945 पासून लिहिलंय, आजवर एकही करार झालेला नाही. सुरक्षा परिषदेतले नकाराधिकारवाले पाच देश धनी होऊन बसतील हा आक्षेप खरा आहे, पण आज जे होतं त्यात मरणाऱ्यांना कोणी धनीच नाही.

आणि समासात ति ऱ्हस्व बरं का, 'शांतीसेना' लिहू नका.