लेकीला टेनिसचे पैसे मिळतील या भरवशावर कर्ज काढू नका

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा तुमच्यासाठी आणि एकदा खाली लेकीने जो परिच्छेद जोडलाय ना, त्यासाठी. तिचा प्रश्न खरंच चांगला आहे, त्यावर येतेच, पण आधी पैशांचं बोलू कारण तुम्हाला या महिन्यात निर्णय घ्यायचाय.

बाकीच्या पालकांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. या ताई नाशिकच्या, मुलगी बारावीला, सातव्या वर्षापासून टेनिस खेळते, यूटीआर हे टेनिसपटूंचं रेटिंग ८ च्या आसपास. अमेरिकेतल्या एका डिव्हिजन १ (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा गट) कॉलेजकडून ऑफर आलीये, वर्षाचा एकूण खर्च ५२ हजार डॉलर आणि त्यातला ६० टक्के स्कॉलरशिपमधून. उरलेले साधारण २१ हजार डॉलर म्हणजे आपले १८ लाख, दर वर्षी. एजंट म्हणतोय की आता अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना पगार सुरू झालाय, उरलेले पैसे मुलगी पहिल्या वर्षातच कमावेल, तुम्ही फक्त घरावर कर्ज काढा. त्याची फी ४ लाख, शिवाय पुढे जे काही मिळेल त्यातले १५ टक्के. आणि मुलीने विचारलंय, "जर कॉलेज माझ्या खेळावर पैसे कमावतंय तर मला किती द्यायचे यावर मर्यादा का? आणि ती ठरवणारे हे कोण?"

ताई, स्पष्ट सांगते. या मुलीचा हिशोब करताना स्कॉलरशिपचा लेखी आकडा धरा आणि बाकी सगळं शून्य धरा. मिळालं तर आनंद आहे, पण त्या भरवशावर घर गहाण टाकू नका.

एजंट खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतोय. २०२१ च्या १ जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःचं नाव, फोटो, ओळख वापरून जाहिरातीचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली, त्यालाच एनआयएल म्हणतात. मग कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेवर खेळाडूंनी लावलेल्या हाऊस खटल्याची तडजोड ६ जून २०२५ ला कोर्टाने मान्य केली आणि कॉलेजांना थेट आपल्या तिजोरीतून खेळाडूंना पैसे द्यायची मुभा झाली, पहिल्या वर्षासाठी कमाल मर्यादा एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. आकडा ऐकून कुणाचेही डोळे फिरतील. पण हे पैसे जातात कुठे ते बघा. बऱ्याच मोठ्या कॉलेजांमध्ये साधारण ७५ टक्के अमेरिकन फुटबॉलला, १५ टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला, ५ टक्के महिला बास्केटबॉलला आणि उरलेल्या ५ टक्क्यांत बाकीचे सगळे खेळ, म्हणजे पोहणं, अ‍ॅथलेटिक्स, व्हॉलीबॉल, गोल्फ आणि आपलं टेनिस. म्हणजे पूर्ण मर्यादेपर्यंत खर्च करणाऱ्या श्रीमंत कॉलेजातसुद्धा साधारण १० लाख डॉलर आणि वाटेकरी शेकडो. तुम्हाला ऑफर दिलेलं कॉलेज त्या श्रीमंत गटातलं नाही. हे पैसे देणं कुणावर बंधनकारकही नाही, ती फक्त परवानगी आहे.

आता त्याहून मोठी गोष्ट, जी एजंटने तुम्हाला सांगितलीच नाही. व्हिसा. तुमची मुलगी जाणार एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. त्यात टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं, पण कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करणं म्हणजे व्हिसाचा नियम मोडणं. एनआयएलसाठी या व्हिसात वेगळी सोय नाहीये. रॅकेटच्या कंपनीसाठी इन्स्टावर रील टाकलं आणि त्याचे पैसे घेतले तर ते काम धरलं जाऊ शकतं, आणि तिच्या शेजारी बसलेली अमेरिकन मुलगी तेच रील टाकून मजेत पैसे घेईल, तिला कुणी काही विचारणार नाही. केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर शिब्वे हा काँगोचा मुलगा, देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरलेला, त्याला २०२२ मध्ये टीम बहामाजला खेळायला गेली तेव्हा तिथे अमेरिकेबाहेर जाहिरातींची कामं उरकावी लागली. एवढ्या मोठ्या खेळाडूला हे करावं लागत असेल तर आपल्या पोरीने पहिल्या वर्षी १८ लाख कमावायचे म्हणजे कसं हो? काहीही सही करायच्या आधी कॉलेजमधल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला विचारायचं, कोचला नाही. कोचला टेनिस कळतं, व्हिसा नाही. आणि चूक झाली तर परत कोच येणार नाही, मुलगी येईल.

त्या १५ टक्क्यांवर पण बोलायचंय कारण मला ते वाचून फार राग आला. अमेरिकेत एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या खेळाडूचा एजंट त्याच्या करारातून जास्तीत जास्त ३ टक्के घेऊ शकतो, एनबीएमध्ये ४ टक्के, कारण तिथे खेळाडूंची युनियन आहे, एजंटला तिच्याकडे नोंदणी करावी लागते आणि फी युनियन ठरवते. कॉलेजच्या खेळाडूंसाठी देशभर लागू होईल अशी मर्यादा नाही, म्हणून नाशिकमध्ये बसलेला माणूस सतरा वर्षांच्या मुलीकडे १५ टक्के मागू शकतो. आणि एनसीएएच्या नियमांत एक गोष्ट स्पष्ट आहे, कॉलेज शोधून देण्याची ठरावीक फी चालते, पण मिळालेल्या स्कॉलरशिपच्या रकमेवर कुणी टक्का घेतला तर तो एजंट धरला जातो आणि मुलीची खेळण्याची पात्रता जाऊ शकते. म्हणजे तो कागद सही केला तर ४ लाख जाऊन वर खेळणंच धोक्यात. तो कागद सही करू नका, हे मी हात जोडून सांगते.

आता लेकीच्या प्रश्नाकडे. बाळा, हे तुझ्यासाठी.

तू विचारतेस मर्यादा कोण ठरवतं. याचं उत्तर समजायला जरा मागे जावं लागेल. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा एक फुटबॉलपटू मॅचमध्ये डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोने कामगाराच्या कुटुंबाला मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं, कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही म्हणून. त्याच काळात एनसीएएने 'स्टुडंट-अ‍ॅथलीट' हा शब्द पक्का केला, खेळाडू म्हणजे नोकर नाही हे कायद्यात टिकावं यासाठी. हा शब्द तुझ्या ऑफर लेटरमध्ये पण असेल, बघ. ऐकायला छान वाटतो, पण त्याच्या मागे ती बाई आहे जिला काही मिळालं नाही.

मग टीव्ही आला, कोट्यवधी डॉलर आले, कोचचे पगार वाढत गेले आणि खेळाडूंना मात्र फी, खोली आणि जेवण. जेवणाचंही बघ, २०१४ मध्ये कनेटिकट विद्यापीठाला बास्केटबॉलचं चॅम्पियन करणाऱ्या शबाझ नेपियरने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की कधीकधी रात्री आपण उपाशी झोपतो, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एनसीएएने जेवणावरची बंधनं काढली. एड ओबॅनन नावाच्या, यूसीएलए विद्यापीठाच्या जुन्या बास्केटबॉलपटूने व्हिडिओ गेममध्ये स्वतःला पाहिलं, त्याचा चेहरा, त्याचा नंबर, आणि त्याला एक पैसा नाही, म्हणून तो २००९ मध्ये कोर्टात गेला. २०२१ मध्ये ऑलस्टन या आणखी एका खेळाडूच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने, ९ विरुद्ध ०, एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. तो निकाल फक्त शिक्षणाशी जोडलेल्या फायद्यांपुरता होता, पण त्यानंतर 'हे हौशी खेळाडू आहेत' हे म्हणणं फार काळ टिकणारच नव्हतं. हाऊस खटल्यातला ग्रँट हाऊस हा फुटबॉलपटू नव्हे बरं का, अ‍ॅरिझोना स्टेटचा पोहणारा मुलगा. म्हणजे हे दार तुझ्यासारख्या छोट्या खेळातल्या मुलाने उघडलंय आणि आत पहिले शिरले फुटबॉलवाले.

तुझ्या खेळातलंच उदाहरण देते. रीस ब्रँटमायर, नॉर्थ कॅरोलिनाची टेनिसपटू, २०२१ च्या यूएस ओपनमध्ये तिने जवळपास ४९ हजार डॉलर जिंकले आणि कॉलेज टेनिस खेळायचं म्हणून त्यातले बहुतेक सोडून द्यावे लागले, कारण बक्षिसाच्या पैशांना मर्यादा होती. जाहिरातीचे लाखो डॉलर घेतलेले चालत होते पण स्वतः कोर्टवर जिंकलेले मर्यादेपलीकडे चालत नव्हते, याला काय अर्थ होता? २०२४ मध्ये तिने दावा लावला.

तर नियम असावेत का? माझं मत, असावेत, पण आत्ता जिथे आहेत तिथे नाही. पैशांवर मर्यादा एनबीए आणि एनएफएलमध्येही आहे, फरक इतकाच की तिथे ती खेळाडूंच्या युनियनने समोर बसून, भांडून, सही करून मान्य केलेली असते. कॉलेजमध्ये खेळाडूंना अशी युनियनच नाही. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी २०१४ मध्ये प्रयत्न केला, पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सरकारी कामगार मंडळाने त्यात पडायला नकार दिला. डार्टमथच्या बास्केटबॉल टीमने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला आणि त्याच वर्षाच्या शेवटी अर्ज मागे घ्यावा लागला. ज्याच्या पगारावर मर्यादा घालायची त्याला त्या खोलीत खुर्ची नसेल तर ती मर्यादा न्याय्य कशी म्हणायची, मला तरी म्हणता येत नाही. आणि खर्च कमी ठेवायला मर्यादा हवी असं म्हणणाऱ्यांना मी टेक्सस ए अँड एम विद्यापीठ दाखवते, नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी जिम्बो फिशर या फुटबॉल कोचला काढलं आणि करारापोटी त्याचं देणं निघालं ७.५ कोटी डॉलरच्या वर. कोचिंग न करण्याचे. एका माणसाला. त्यासमोर अख्ख्या कॉलेजच्या सगळ्या खेळाडूंची पहिल्या वर्षाची मर्यादा २ कोटी ५ लाख.

पण सगळं मोकळं सोडा, मार्केट बघून घेईल, हेही मला पटत नाही बाळा. जेडन रशाडा नावाच्या मुलाला फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळण्यासाठी १ कोटी ३८ लाख डॉलरचा करार दाखवला गेला, तो कोसळला, आणि २०२४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा तो शाळेतच होता, तुझ्यासारखा. म्हणून नियम हवेत ते एजंटवर, करार लेखी असण्यावर, दिलेला शब्द पाळण्यावर, दुखापतीनंतरच्या उपचारांवर. आत्ता ६०० डॉलरच्या वरचा प्रत्येक बाहेरचा करार खेळाडूने एका पोर्टलवर नोंदवायचा आणि तो खरा धंद्याचा आहे का, रक्कम वाजवी आहे का हे तिथे तपासलं जातं. म्हणजे तपासणी खेळाडूची. मला वाटतं तितक्याच कडकपणे कॉलेजची आणि एजंटची व्हायला हवी.

हे मी इतकं तळमळीने का लिहितेय, तर नऊ-दहा वर्षांपूर्वी माझ्याकडून एक मुलगा तिकडे कॉलेजला गेला होता, धावपटू, गुणी पोरगा. स्कॉलरशिप एका वर्षाची होती, दर वर्षी वाढवून मिळेल असं तोंडी सांगितलेलं. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला आणि तिसऱ्या वर्षाचं पत्र आलंच नाही. वडिलांनी शेत विकून डिग्री पूर्ण करायला लावली. तेव्हा मी 'एक वर्ष' हे दोन शब्द नीट वाचले नव्हते. आता प्रत्येक ऑफर लेटर मी तेवढ्यासाठी पहिल्यांदा वाचते. त्यानंतर बरंच सुधारलंय, ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन १ कॉलेजांना खेळताना झालेल्या दुखापतीचा खर्च कॉलेज सोडल्यावरही किमान दोन वर्षं द्यावा लागतो, पण तरी वाचायचंच.

ताई, आता तुम्ही कोचला ईमेल करा, फोन नको, उत्तर लेखी हवं. स्कॉलरशिप किती वर्षांची आहे आणि दुखापत झाली किंवा कोच बदलला तर चालू राहते का. कॉलेजने हाऊस तडजोड स्वीकारलीये का, कारण स्वीकारली असेल तर टेनिसच्या टीमला १० जणींची मर्यादा लागते आणि तुमची मुलगी त्या दहात आहे का हे कळलं पाहिजे. टेनिसची टीम पुढची चार वर्षं चालू ठेवायचा कॉलेजचा इरादा आहे का, हे विचारायला लाजू नका, कॅल पॉली या कॉलेजने मार्च २०२५ मध्ये पोहण्याची टीम बंद केली आणि कारणांत याच तडजोडीचा खर्च सांगितला होता. स्कॉलरशिपमधला राहण्या-जेवणाचा जो भाग आहे त्यावर तिथे टॅक्स कापला जातो, तो किती हेही विचारा, नाहीतर पहिल्याच टर्मला हिशोब चुकतो.

आणि ६० टक्के ही शेवटची ऑफर समजू नका. पूर्वी टेनिसमध्ये किती स्कॉलरशिप द्यायच्या यावर बंधन होतं, तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजात ते गेलंय, त्यामुळे कोचकडे पैसे असतील तर तो दहाही जणींना पूर्ण देऊ शकतो. मार्क चांगले असतील तर अभ्यासावरची वेगळी स्कॉलरशिपही मागता येते, बारावीचे मार्क त्यासाठी सोन्यासारखे आहेत, त्यामुळे फेब्रुवारीपर्यंत टूर्नामेंट कमी करून अभ्यास केला तरी चालेल, नुकसान काही नाही. आपल्या पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला, सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ असं दोनदा एनसीएए चॅम्पियन झाला, आणि हे दोघंही गेले तेव्हा कुणाला एनआयएलचा एक डॉलर मिळत नव्हता. चार वर्षं रोज चांगल्या मुलांशी खेळायला मिळणं, चांगला कोच, आणि हातात डिग्री, हीच तेव्हाही कमाई होती आणि तुमच्या मुलीसाठी आजही तीच आहे.

तेवढ्यासाठी १८ लाख वर्षाला झेपतात का, हे तुम्ही आणि तुमचे मिस्टर बसून ठरवा, आणि नाही झेपत असं वाटलं तर तसं मुलीला मोकळेपणाने सांगा, ती समजूतदार आहे हे तिच्या चार ओळींतून दिसतंय. अजून दोन-तीन कॉलेजांना तिचे मॅचचे व्हिडिओ पाठवायला वेळ आहे. ऑफर लेटर आणि एजंटचा कागद दोन्ही स्कॅन करून मला पाठवा, मी वाचून शनिवारपर्यंत कळवते. तोपर्यंत बँकेत जाऊ नका.