पेशीला जाऊ की नको जाऊ?

प्रश्न : वकीलसाहेब, फाट्यावर माझी पानटपरी हाय. मागच्या वर्षी पोळ्याच्या दिवशी सांजच्याले रेतीवाल्या दोन टोळ्या टपरीसमोरच भिडल्या, काठ्या, पाइप, कुऱ्हाडी, पंचवीसेक लोकं असतील, त्यात एक पोरगा जागीच गेला. पोलिसांनी माझं बयाण घेतलं, त्यात मी चौघांची नावं सांगितली, पण सही घेतली नाही. आता सेशन कोर्टाचा समन्स आलाय. एका पार्टीचे लोकं घरी येऊन चहा पितात अन् जाताना म्हणतात, ‘भाऊ, तुले काही दिसलंच नाही ना?’ मेलेल्या पोराकडचे म्हणतात समोरच्या टोळीतल्या पंधराही जणांची नावं घे. बायको म्हणते सही नाही तर भ्यायचं कायले, अंधार होता म्हणून सांगा. काय करू जी?

उत्तर : भाऊ, आधी वहिनींचा गैरसमज काढतो, तो निम्म्या तालुक्याचा आहे. पोलिसांपुढच्या बयाणावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते, कायद्यातच तसं आहे. पुरावा म्हणजे कोर्टात शपथेवर बोलाल ते. पण तिथे पलटलात की सरकारी वकील तुम्हाला फितूर ठरवून तेच बयाण तोंडावर वाचणार, आणि मॅजिस्ट्रेटपुढेही जबाब झाला असेल तर खोट्या साक्षीचं भारतीय न्याय संहितेतलं कलम 229 लागू शकतं, 7 वर्षांपर्यंत शिक्षा.

आता ती पंधरा नावं. त्याच संहितेतलं खुनाचं कलम 103, त्याच्या जोडीला 190, म्हणजे जुन्या दंड संहितेचं 149. पाच किंवा जास्त लोकं बेकायदा उद्देशाने जमले अन् त्यापायी वार एकानेच केला तरी सगळे दोषी, म्हणून टोळ्यांच्या केसमधे नावं वाढवायचा मोह होतोच अन् नुसती बघायला थांबलेली पोरं पण आत जातात. मोठ्या जमावाच्या केसमधे एकट्या साक्षीदारावर न जाता दोन-तीन जणांचं सांगणं जुळतं का हे बघायची कसोटी सुप्रीम कोर्टाने 1964 मधेच मसलती खटल्यात मान्य केलीय. पोलिसांना चार सांगून कोर्टात पंधरा सांगितले तर आरोपीचा वकील खुश होईल, कारण मग तुमचे खरे चारही हलतात. ज्याच्या हातात काय दिसलं तेवढंच बोला. अंधाराचं म्हणाल तर टपरीचा बल्ब चालू होता ना? किती फुटांवर होता? उलटतपासणीत हेच विचारतात. अन् दुसऱ्या टोळीनेही उलट केस टाकली असेल तर दोन्ही सहसा एकाच जजपुढे लागोपाठ चालतात, तिकडेही हेच सांगावं लागेल.

घरी चहा प्यायला येणाऱ्यांचं मात्र हलक्यात घेऊ नका. खोटी साक्ष दे म्हणून धमकावणं हा वेगळा गुन्हा, कलम 232. कोण आलं, कधी आलं, काय बोललं ते वहीत तारखेसकट लिहा अन् संरक्षणाचा अर्ज सरकारी वकिलांकडे द्या, साक्षीदाराला संरक्षण द्यायची सोय कायद्यात आहे. कॉपीवर पोच घ्याच.

पेशी चुकवू नका, वॉरंट निघतं. समन्स सोबत ठेवा, जाण्यायेण्याचा भत्ता मिळतो, बाबूला मागा, लाजू नका.