'टेस्टिमोनियल'ला 'साक्ष' म्हणावे काय?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये क्षयावर म्हणून जी तयार औषधे विकली जात, त्यांच्याविषयीचा मजकूर मराठीत आणताना एका वाचकाने 'पेटंट मेडिसिन'साठी 'एकस्वप्राप्त औषध' आणि 'टेस्टिमोनियल'साठी, म्हणजे या औषधाने मी बरा झालो असे रोग्याने लिहिलेल्या आणि जाहिरातीत छापलेल्या पत्रासाठी, 'साक्ष' हे शब्द योजले आहेत आणि ते चालतील का, असे विचारले आहे. पहिला शब्द साफ चूक आहे. दुसराही माझ्या मते चूकच आहे, परंतु त्या चुकीत पुष्कळ काही दडलेले असल्यामुळे पहिल्याचा निकाल झटपट लावून दुसऱ्याकडे वळतो.

'पेटंट औषध' म्हणजे सरकारने पारखून मान्यता दिलेले औषध, हा समज चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही इतक्यांदा ऐकावा लागतो की आता त्याची चीड येते. हा शब्द लॅटिन 'पातेरे', म्हणजे उघडे असणे, या क्रियापदापासून आला. इंग्लंडच्या राजाची काही पत्रे मोहोर न फोडता वाचता येत, कारण मोहोर पत्राच्या खाली लोंबत असे; ती 'उघडी पत्रे' आणि त्यांतून कोणाला पदवी, कोणाला जमीन, तर कोणाला एखाद्या मालाचा मक्ता मिळे. रिचर्ड स्टॉटन याने आपल्या अर्कासाठी १७१२ मध्ये असा मक्ता खरोखरच मिळवला होता. पुढच्या शतकातले विक्रेते मात्र पेटंटाच्या वाटेला सहसा गेले नाहीत, कारण पेटंट हवे असेल तर कृती जगापुढे मांडावी लागते आणि मुदत संपली की ती कोणालाही वापरता येते. त्यांनी जपले ते बाटलीचे नाव, तिचा घाट आणि तिच्यावरचे वेष्टन. आतले द्रव्य गुप्तच राहिले. ज्याचे नावच 'उघडे' ते झाकलेले, असा हा उफराटा प्रकार आहे आणि 'एकस्व' या शब्दाने तो कळत नाही, कारण 'एकस्व' फक्त मालकी सांगते, त्या मालकीपोटी मोजावी लागणारी उघडेपणाची किंमत सांगत नाही. ब्रिटनमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर कराचा सरकारी तिकीटपट्टा चिकटवावा लागे आणि गिऱ्हाईक त्यालाच सरकारची हमी समजे. शेवटी या पट्ट्यातून कसलीही सरकारी हमी अभिप्रेत नाही, असे त्याच्यावरच छापण्याची पाळी आली. आपल्याकडे १९४० च्या औषध कायद्यात 'पेटंट अथवा प्रोप्रायटरी' हा जोडशब्द अजून नांदतो आहे आणि आयुर्वेदाच्या संदर्भात त्याचा अर्थ ग्रंथोक्त पाठाबाहेरचे मिश्रण एवढाच आहे. तेव्हा मराठीत सरळ 'पेटंट औषध' लिहावे आणि पहिल्या उल्लेखात 'गुप्त कृतीचे तयार औषध' असा खुलासा करावा.

आता 'टेस्टिमोनियल'. त्यातला 'टेस्टिस' हा लॅटिन शब्द, म्हणजे साक्षीदार. त्याची व्युत्पत्ती सांगताना रोमन पुरुष शपथ घेताना स्वतःच्या वृषणांवर हात ठेवत, ही गोष्ट हटकून सांगितली जाते. व्युत्पत्तीची हौस असलेल्या मंडळींना ही गोष्ट फार प्रिय आहे आणि ती धादांत निराधार आहे. रोमन लेखनात अशा शपथेचा पुरावा सापडत नाही. खरी व्युत्पत्ती या चावट गोष्टीहून कितीतरी सुंदर आहे. 'टेस्टिस'चे जुने रूप 'तेर्स्तिस' असे मानतात आणि त्यात 'त्रि' व 'स्था' हे दोन घटक आहेत, म्हणजे तिसरा उभा असलेला. लॅटिनच्या शेजारच्या ऑस्कन भाषेत साक्षीदारांना 'त्रस्तुस्' म्हणत, हा त्याचा भक्कम आधार. वादी एक, प्रतिवादी दुसरा आणि दोघांपैकी कोणाचाही नसलेला, नुसता बाजूला उभा असलेला तो तिसरा.

मराठी माणसाला हे वाचून 'तिऱ्हाईत' आठवला नाही, तर त्याने आपली मराठी एकदा तपासून पाहावी. 'तिऱ्हाईत'मधला 'ति' तीनाचाच आहे. दोन पक्षांपैकी कोणाचाही नसलेला तिसरा, हा त्याचा मूळचा, नेमका आणि न्यायाच्या व्यवहारातला अर्थ. त्याला केवळ 'परका' किंवा 'ओळखदेख नसलेला' या अर्थापुरता खाली आणून ठेवला गेला आहे, आणि 'मला तिऱ्हाइतासारखं वागवलं' असली वाक्ये ऐकली की एक चांगला तोलाचा शब्द आपण हकनाक वाया घालवल्याचे वाईट वाटते. परका माणूस तिऱ्हाईत असू शकतो. परंतु तिऱ्हाईत हा परका असलाच पाहिजे असे मुळीच नाही. दोघांच्याही ओळखीचा, तरीही कोणाच्या बाजूचा नसलेला माणूस हाच उत्तम तिऱ्हाईत.

आपला 'साक्षी' मात्र वेगळ्या घराण्यातला. पाणिनीने 'साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्' या सूत्राने त्याची सिद्धी सांगितली आहे. ज्याने प्रत्यक्ष पाहिले तो साक्षी, कारण 'साक्षात्'मध्ये 'अक्षि', म्हणजे डोळा आहे. लॅटिन साक्षीदाराची पात्रता तो कोठे उभा आहे यावर ठरते, तर संस्कृत साक्षीदाराची त्याने काय पाहिले यावर. हे दोन शब्द एकमेकांचे तंतोतंत पर्याय आहेत असे मानून कोशांत ते शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांनी हा भेद लक्षात घेतलेला नाही, आणि क्षयाच्या औषधांच्या बाबतीत हा भेद अत्यंत महत्त्वाचा आहे. फुप्फुसात पाहणार कोण? रेने लाएनेकने १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला, तेव्हा वैद्याला छातीतले ऐकू येऊ लागले, पाहता काही येत नव्हते. (लाएनेक स्वतः १८२६ मध्ये क्षयानेच गेला.) रोंटगेनचे क्ष-किरण यायला १८९५ साल उजाडले. म्हणजे जवळजवळ सगळे शतकभर 'माझे फुप्फुस बरे झाले' या विधानाला पाणिनीच्या अर्थाने साक्षी असणे शक्यच नव्हते, रोगी स्वतःही नाही. म्हणून 'साक्ष' हा शब्द येथे बसत नाही, असे माझे म्हणणे आहे.

मग लॅटिन अर्थाने तरी त्या पत्रांना 'टेस्टिमोनियल' म्हणता येते का? त्यातही तिसरा कोठे आहे? पत्र लिहिणारा रोगी हा घेणारा आणि ते छापणारा विकणारा. व्यवहाराच्या दोन्ही टोकांनी मिळून तयार केलेला तो कागद आहे. मला वाटते, ही उणीव त्या लिहिणाऱ्यांना आणि छापणाऱ्यांनाही मनातून जाणवत असावी, आणि म्हणूनच या पत्रांचा साचा सगळीकडे एकसारखा आहे. आधी खोकला, रात्रीचा घाम आणि थुंकीतले रक्त. मग गावातल्या एका, दोन किंवा तीन डॉक्टरांनी हात टेकले. मग शेजाऱ्याने किंवा पाद्रीबुवांनी बाटली सुचवली. मग किती बाटल्या घेतल्या ते. आणि शेवटी आता मी शेतात दिवसभर काम करतो. यातल्या हात टेकणाऱ्या डॉक्टरांकडे नीट पाहावे. गोष्टीला त्यांची काय गरज होती? बाटलीने बरे वाटले एवढे म्हणणे पुरेसे नव्हते का? नव्हते, कारण रोग खरोखर क्षयच होता हे सांगायला कोणीतरी तिऱ्हाईत लागतो, आणि त्या डॉक्टरला न विचारता, बहुधा त्याच्या नकळत, त्या जागी उभे केलेले असते. त्याच्याकडून निदान तेवढे उसने घ्यायचे आणि उपचाराचे श्रेय बाटलीला द्यायचे. शब्दाचे व्याकरण माणसाच्या अंतर्मनात किती खोलवर काम करते याचा हा मला फार मोठा पुरावा वाटतो. कोणी याला माझी कल्पनाशक्ती म्हटले तरी मी मागे हटणार नाही.

ही पत्रे सगळी बनावट होती, असे म्हणणारा एक मोठा पक्ष आहे. तो आळशी आहे. काही पत्रे पैसे देऊन मिळवलेली होती, हे खरेच. परंतु पुष्कळशी प्रामाणिक होती, आणि हाच त्यांतला धोका होता. एक तर 'कन्झम्प्शन' हे त्या काळी झिजण्याचे नाव होते, कारणाचे नव्हते. रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू दाखवला, त्याआधी जुनाट ब्राँकायटिसचा रोगीही खुशाल स्वतःला कन्झम्प्शनचा म्हणवून घेई आणि बराही होई. ('थायसिस' हे क्षयाचे ग्रीक नाव आणि आपला 'क्षय' हे एकाच मूळ धातूचे, पण तो मोह आवरतो.) दुसरे म्हणजे, खराखुरा क्षयही सतत वाढत जात नाही, तो मध्येच काही महिने थांबतो. आणि तिसरे कारण बाटलीतच होते. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावच्या जेम्स कुक आयर याच्या 'चेरी पेक्टोरल'मध्ये मॉर्फिन असे; पेनसिल्व्हेनियातल्या वॉरेन गावाहून निघणाऱ्या 'पिसोज क्युअर फॉर कन्झम्प्शन'मध्ये आधी अफू असे आणि पुढे भांगेचा अर्क व क्लोरोफॉर्म. अफूच्या जातीच्या द्रव्याने खोकला खरोखर दबतो, झोप लागते, छातीतली कळ कमी होते. ज्याने महिनाभर रात्री बसून काढल्या त्याला ती पहिली झोप म्हणजे पुनर्जन्मच वाटणार, आणि त्या आठवड्यात त्याने पत्र लिहिले तर त्यात खोटे काय? आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: 'उतार पडला'. औषधाने 'गुण आला', दुखण्याला 'उतार पडला' आणि माणूस 'बरा झाला' या मराठीत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीने पहिल्या दोन्हींना तिसरीच्या किमतीत विकले. जंतूवर खरोखर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले, तोवर त्या तिसरीची हमी कोणालाच देता येत नव्हती.

तिऱ्हाइतासाठीची ही तहान पाहायची असेल, तर 'क्लोरोडाइन'ची जाहिरात पाहावी. हे औषध हिंदुस्थानातल्या सैन्यात डॉक्टर असलेल्या जॉन कॉलिस ब्राउनने मूळ पटकीसाठी तयार केले. त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म असे, आणि १८५६ पासून ते लंडनच्या डेव्हनपोर्टमार्फत खोकला, क्षय, ब्राँकायटिस आणि दमा यांवर धडाक्याने विकले जाऊ लागले. फ्रीमन नावाच्या दुसऱ्या विक्रेत्याशी ब्राउनची कोर्टात जुंपली आणि १८६४ मध्ये 'व्हाइस-चॅन्सेलर' या पदावरच्या सर विल्यम पेज वुड या न्यायाधीशाने क्लोरोडाइनचा निर्माता निःसंशय ब्राउनच आहे, असे सांगितले. त्यानंतर वर्षानुवर्षे जाहिरातीत अगदी वर, रोगांच्या यादीच्याही आधी, हा न्यायाधीश त्याच्या पदासकट आणि त्या निकालाच्या बातमीच्या तारखेसकट छापला जात असे. कोणत्याही पक्षाचा नसलेला, न्यायासनावर बसलेला, नावानिशी दाखवता येणारा असा अस्सल तिऱ्हाईत या व्यापाराला क्वचितच मिळाला असेल. आणि तो बोलला होता ते बाटली कोणाची याविषयी, ती चालते का याविषयी त्याने एक अक्षरही काढलेले नव्हते. घाईने वाचणाऱ्या दमेकऱ्याला हा फरक कळणार नाही, हे जाहिरात लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

बाटली कोणाची आणि ती चालते का, या दोन प्रश्नांची गल्लत पुढे अमेरिकेच्या कायद्यातही शिरली. 'कॉलियर्स' साप्ताहिकात सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्सची 'द ग्रेट अमेरिकन फ्रॉड' ही लेखमाला ७ ऑक्टोबर १९०५ पासून सुरू झाली; अमेरिका या वर्षात पेटंट औषधांवर साडेसात कोटी डॉलर उधळील, हे तिच्या सुरुवातीचेच विधान. १९०६ च्या कायद्याने मद्य, अफू, मॉर्फिन, क्लोरोफॉर्म, भांग वगैरे द्रव्ये किती आहेत ते वेष्टनावर लिहिणे सक्तीचे झाले, आणि पिसोच्या नावातून 'क्युअर फॉर कन्झम्प्शन' हे शब्द गळाले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये असा निर्णय दिला की हा कायदा बाटलीत काय आहे याविषयीच्या खोटेपणापुरता आहे, ती बरे करते या दाव्याला तो लागू नाही. म्हणजे पुन्हा पेज वुडचीच जागा! १९१२ च्या शर्ली दुरुस्तीने गुणाविषयीचे खोटे दावेही कक्षेत आणले, पण ते 'खोटे आणि फसवणुकीचे' अशी दुहेरी अट घालून. दावा खोटा असणे पुरेसे नाही, विकणाऱ्याच्या मनातही खोट असली पाहिजे. मग विक्रेते आपल्या सद्भावनेचा पुरावा म्हणून काय पुढे करणार? तीच पत्रांची बाडे: इतक्या लोकांनी लिहिले, म्हणून माझा विश्वास बसला. ज्या कागदाला रोग्याने रोगाविषयीचा पुरावा म्हणून लिहिले, तो विक्रेत्याच्या मनाविषयीचा पुरावा झाला.

या दुरुस्तीची कसोटी लागली तीही फुप्फुसाच्याच औषधावर. 'एकमन्स ऑल्टरेटिव्ह' नावाच्या औषधाच्या खोक्यांतल्या पत्रकावर ते न्यूमोनिया टाळते आणि क्षय बरा करते, असे निःशंकपणे छापलेले होते. सरकारने विक्रेत्याऐवजी मालावरच फिर्याद केली, त्यामुळे खटल्यात प्रतिवादीच्या जागी 'सात खोकी' उभी आहेत. १० जानेवारी १९१६ रोजी न्यायमूर्ती ह्यूज यांनी दुरुस्ती वैध ठरवताना सांगितले की वैद्यांच्या निरनिराळ्या पंथांत प्रामाणिक मतभेद असतील तेथे कायदा हात घालत नाही, पण जाणूनबुजून केलेला खोटा दावा हा मतभेद होत नाही.

तर प्रश्नकर्त्याने 'साक्ष' काढून 'प्रशंसापत्र' घालावे. जुन्या मराठी जाहिरातींतही हाच शब्द भेटतो. प्रशंसा करायला तिसरा माणूस लागत नाही आणि डोळेही लागत नाहीत, म्हणून या पत्रांना तो अगदी चपखल बसतो.