फ्रीजरमध्ये बर्फ होतो, पण खाली दूध नासतं: खरंच गॅस संपला असेल का?

तुमचा प्रश्न असा: डबल डोअर फ्रॉस्ट फ्री (हिम आपोआप वितळवणारा) फ्रिज आहे, वरती बर्फ जमतो, खालच्या कप्प्यात मात्र दूध टिकत नाही, भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं, आणि मेकॅनिक म्हणतो गॅस संपला. घरच्या घरी काही करता येईल का?

येईल. गॅस भरायचे पैसे देण्याआधी एक दिवस थांबा.

मी इंदूरला राहतो. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा नातलगांपैकी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, आणि तक्रार बहुतेक वेळा तुमच्यासारखीच असते. फ्रिजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरला तर तो पुन्हा निघून जाणार.

तुमच्या फ्रिजमध्ये थंडावा तयार होतो तो फ्रीजरच्या मागच्या पत्र्याआडच्या कॉइलवर, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यावर. तिथली गार हवा पंखा वाटेवाटेने खाली ढकलतो. कॉइलवर साचणारं हिम ठरावीक वेळाने एक छोटा हीटर वितळवतो, आणि ते पाणी नळीतून मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जाऊन आपोआप उडून जातं. हीटर, त्याचा सेन्सर किंवा टायमर बिघडला की हिमाचा थर वाढत जातो आणि हवेची वाट बुजते. वर बर्फ, खाली कोमट. नळी तुंबली तर पाणी खाली उतरून भाजीच्या ट्रेखाली साचतं. तुमच्याकडे दोन्ही लक्षणं आहेत, म्हणून माझा पहिला संशय इथेच.

शहानिशा सोपी आहे. सामान शेजाऱ्यांकडे ठेवा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून फ्रिज पूर्ण २४ तास तसाच राहू द्या. खाली जुनी चादर पसरा, बरंच पाणी येईल. बर्फ लवकर काढायच्या घाईत सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर अजिबात लावू नका. कॉइलला भोक पडलं की गॅस खरोखरच जातो. फ्रिज मोकळा आहे तोवर मागे कॉम्प्रेसरजवळ येणाऱ्या नळीचं टोक पाहा. तिथे चिकट मळ साचतो. टोक सुटत असेल तर काढून कोमट पाण्याने धुवा.

आता फ्रिज सुरू करा. काही दिवस खालचा कप्पा झकास गार राहिला आणि मग पुन्हा कोमट झाला, तर गॅस शाबूत आहे, बिघाड बर्फ वितळवण्याच्या यंत्रणेत आहे. मेकॅनिकला तेच सांगा: हीटर, सेन्सर, टायमर तपासा. हे गॅस भरण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त काम आहे. उलट सुरू करून २४ तास झाल्यावरही वर-खाली दोन्हीकडे गारवा नीट येत नसेल, कॉम्प्रेसर न थांबता चालत असेल आणि पंखा फिरत असेल, तर गळतीचा संशय रास्त आहे.

दाराचं रबरही पाहाच. शंभराची नोट दारात अडकवून ओढा. सहज निघाली तर तिथून बाहेरची दमट हवा आत शिरते आणि हिम वाढतं. आधी साबणाच्या कोमट पाण्याने रबर पुसा, खाचांमधला मळ काढा. दबलेला भाग हेअर ड्रायरने बेताने गरम केला की पुष्कळदा पुन्हा फुगतो. फाटलं असेल तर मॉडेल नंबर सांगून नवं आणा. इंदुरात असाल तर महाराणी रोडला चौकशी करा. आणि तापवलेल्या दुधाचं पातेलं वाफाळतं असताना आत ठेवू नका, हवेच्या जाळीसमोर कोथिंबिरीच्या पिशव्या कोंबू नका. मागे काळी जाळी असेल तर प्लग काढून ब्रशने तिची धूळ झाडा. माळव्यातल्या उन्हाळी वाऱ्यात ती भराभर माखते. नव्या फ्रिजच्या बाजू गरम लागतात, तो बिघाड नव्हे. तिथूनच उष्णता बाहेर पडते, म्हणून भिंतीपासून जागा सोडा.

या पुढे स्वतः हात घालू नका. नव्या फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए हा गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन, आणि तो पेट घेतो. पाठीमागच्या लेबलवर नाव लिहिलेलं असतं. दाराला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर लगेच मेन स्विच बंद करून अर्थिंग तपासून घ्या. पोरंबाळं अनवाणी फ्रिज उघडतात, यात चालढकल नको. कॉम्प्रेसर गुरगुरून 'टक्' करून थांबत असेल तर व्होल्टेज आणि रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या.

गॅस भरावाच लागला तर आधी गळती नेमकी कुठे आहे ते दाखवायला सांगा. ती जागा बंद करणं, फिल्टर बदलणं, व्हॅक्यूम करणं, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढणं, आणि लेबलवरच्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरणं, हे सगळं मेकॅनिक करणार असेल तरच होकार द्या.