वाचकांचे प्रश्न : मांडवीकाठची सायकलफेरी

प्रश्न : आम्ही तिघे पन्नाशीच्या पुढचे. डिसेंबरात पणजीला मुक्काम आहे. घाट नको, नदी, झाडी आणि जुनी देवळं-चर्च पाहत एका दिवसात होईल अशी सायकलफेरी सुचवा. (सांगलीचे वाचक)

उत्तर : पणजी–रायबंदर–जुने गोवे–दिवाडी–नार्वे–मये–चोडण–रायबंदर–पणजी. साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर भरतात आणि वाटेत तीन फेरीबोटी लागतात. अंतर बघून ‘दुपारपर्यंत आटपू’ असं ठरवू नका, पूर्ण दिवस राखून ठेवा.

उजाडताच निघा. महामार्ग टाळून पणजीच्या पाटो भागातून रायबंदरचा बांधाचा रस्ता धरा. हा बांध १६३३-३४ मधला. एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला मिठागरं आणि खारफुटी. रस्ता अरुंद असल्यानं बसगाड्या सुरू व्हायच्या आत तो संपवलेला बरा. जुन्या गोव्यात बाँ जेझुस बासिलिका (१६०५) आणि से कॅथेड्रल समोरासमोर आहेत. कॅथेड्रलला एकच मनोरा का, असं हमखास मनात येतं. दुसरा १७७६ मध्ये कोसळला. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते, तेव्हा निवांत पाहायचं तर दुसरा वार निवडा. पुढे व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता थेट दिवाडीच्या धक्क्यावर उतरतो.

दिवाडी हे मांडवीतलं बेट. इथे खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती. बांधावर ‘मानस’ दिसली की सायकल उभी करून नीट पाहाच. लाकडी झडपांचं हे दार भरतीच्या पाण्याच्या दाबानं आपोआप मिटतं, म्हणून खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं ते उघडतं आणि शेतातलं जादा पाणी खाडीत जातं. बांधावरून मात्र सायकल चालवू नका. कडा मऊ असतात, चाक रुततं आणि बांधही खचतो. पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे. तिथला चढ छोटा पण उभा आहे, खुशाल उतरून ढकला. शेजारच्या दफनभूमीतल्या चॅपेलच्या (छोट्या प्रार्थनाघराच्या) आतल्या छतावर कदंब राजांच्या काळातल्या मंदिराचं कोरीव काम आहे. चर्च पाहून खाली उतरणारे बरेच जण ते न पाहताच निघतात.

बेटाच्या दुसऱ्या टोकाहून फेरीबोटीनं नार्व्याला उतरा. आमच्या मते या फेरीचा गाभा इथे आहे. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचं कुलदैवत, त्याचं मूळ स्थान दिवाडी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं आणि नंतर लिंग खाडीपलीकडे नार्व्याला नेलं गेलं. तुम्ही जी खाडी ओलांडता तीच देवानंही ओलांडलेली. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं तिथल्या देवळाचं काम सुरू झालं, त्याचा शके १५९० चा (इ.स. १६६८) शिलालेख दारावर आहे. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नार्व्याहून मये तलावापर्यंत काजूचे उतार, दाट झाडी आणि लहान चढ-उतार आहेत. डिचोली तालुका खाणींचा, तेव्हा वळणावर लाल बारीक खडी पसरलेली असू शकते. वेग वळणाआधीच कमी करा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक हमखास सरकतं. मयेहून चोडणला या, तिथून बोटीनं रायबंदर.

प्रश्न : फेरीबोटीवर सायकल कशी चढवायची? मागे एकदा धक्क्यावर घसरून पडलो. (कुडाळचे वाचक)

उत्तर : मांडवीला इथे भरती-ओहोटी असते. ओहोटीला धक्क्याचा एरवी पाण्याखाली राहणारा भाग उघडा पडतो. त्यावर शेवाळ असतं आणि उतारही जास्त लागतो. घसरायला होतं ते तिथेच. वरच्या कोरड्या भागातच सायकलवरून उतरा, दोन्ही हात ब्रेकवर ठेवून सायकल सरळ रेषेत हातानं ढकलत न्या. क्लीटचे (पॅडलला अडकणाऱ्या कडक तळाचे) बूट असतील तर आधी काढा. मोटारी-दुचाक्या पुढे जाऊ द्या. बोटीत शिरल्यावर ब्रेकच्या दांडीला जाड रबरबँड घट्ट गुंडाळला की सायकल पुढेमागे होत नाही. नुसता स्टँड लावून भागत नाही, बोट धक्क्याला लागताना हिसका बसतोच.

चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य धक्क्याच्या जवळच आहे, त्याची वेळही भरती-ओहोटी बघूनच ठरवा. चिखलावर उड्या मारणारे निवटी मासे आणि खेकडे पाहायचे तर ओहोटी हवी, होडीतून खारफुटीत शिरायचं तर भरती.

प्रश्न : सोबत काय घ्यावं? (पुण्याच्या वाचक)

उत्तर : ३५ मिलिमीटरचे टायर पुरेत. वजन सत्तर किलोच्या आसपास असेल तर हवा पुढच्या चाकात ५० आणि मागच्या चाकात ५५ पीएसआय (पंपावरचं दाबाचं माप). दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप, पॅच. माणशी दोन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं. देवळात आणि चर्चमध्ये आखूड कपडे शोभत नाहीत, म्हणून एक हलकी पायजमा-विजार आणि ओढणी वर हाताशी ठेवा.

प्रश्न : गोव्याहून परत आलो की चेन करकरते. तेल घालूनही थांबत नाही. (कोल्हापूरचे वाचक)

उत्तर : तेल घालूनही थांबत नाही, कारण आतली घाण तशीच राहते. जांभ्याची लाल धूळ तेलात मिसळली की पॉलिशपेपरसारखी घासते, त्यात खारी हवा गंज आणते. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यानं चेन पुसा, पूर्ण वाळू द्या. मग एकेका रोलरवर एकच थेंब तेल टाका, पॅडल दोन मिनिटं उलटं फिरवा आणि बाहेर दिसणारं सगळं तेल पुसून काढा. प्रेशरचा पाइप मारू नका, पाणी हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलच्या दांड्या जोडणाऱ्या आसाच्या) बेअरिंगमध्ये शिरतं.

ट्रेननं सायकल नेणाऱ्यांनी पॅडल काढताना लक्षात ठेवावं, डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकच्या दोन पॅडमध्ये दुमडलेला पुठ्ठा सारा. चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड जवळ येतात आणि मग चाकावरची डिस्क (ब्रेकची चकती) आत जात नाही.