मेथी कोणत्या पाण्यात धुवावी?

प्रश्न : बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या ओढ्यात धुऊन ओल्या पोत्याखाली झाकून ठेवतो. व्यापारी म्हणतो, अशा धुण्यानं रोग पसरतो. खरं आहे का?
– एक शेतकरी, मानवत (जि. परभणी)

उत्तर : व्यापाऱ्याचं बरोबर आहे. ओढ्यात जनावरं उतरतात, वरच्या अंगाला सांडपाणी मिळतं. शिवाय एका जुडीच्या मुळाशी शेणाचा कण असला, तरी त्यातले ई-कोलाय, साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू त्याच पाण्यातून बाकीच्या जुड्यांवर जातात. त्यात रात्रभर ओल्या पोत्याची ऊब. चांगल्या उबेत ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. आणि आपल्याकडे मेथीचा घोळाणा, वरून भुरभुरलेली कोथिंबीर कच्चीच पोटात जाते.

दोन टब करा. पहिल्यात मुळांची माती काढा; पाणी चहासारखं दिसू लागलं की ओतून द्या. माती क्लोरीन खाऊन टाकते, म्हणून जंतू मारणारी ब्लिचिंग पावडर या टबात घालू नका. दुसऱ्यात १०० लिटर स्वच्छ पाण्याला १५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर (३३ टक्के क्लोरीनची) घेतली की क्लोरीनचं प्रमाण ५० पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात ५० भाग) होतं. पावडर काट्यावर मोजा, प्लास्टिकच्या बादलीत कालवा, अर्धा तास ठेवा आणि वरची निवळी तेवढीच टबात ओता. तोंड उघडं राहिलेल्या जुन्या पोत्यातली पावडर नको, तिचा क्लोरीन उडालेला असतो. जुडी एक-दोन मिनिटं बुडवा, पिण्याच्या पाण्यातून काढा, जाळीच्या कॅरेटमध्ये निथळू द्या. क्लोरीन तपासायच्या पट्ट्या मिळतात. प्रमाण उतरलं की पाणी बदला.

टंचाईत एवढं पाणी नसेल, तर मुळं झटकून कोरडी जुडीच पाठवा. ओढ्यात बुडवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

मात्र पानाच्या जखमेत शिरलेले जंतू क्लोरीननंही निघत नाहीत. त्यामुळे वाफ्यात ताजं शेण टाकूच नका. खताचा ढीग आतून ५५ अंशांवर तापायला हवा आणि तो ताप १५ दिवस टिकवून त्यात किमान ५ वेळा उलथापालथ करायला हवी. कडेचा थंड भाग आत आला नाही, तर तिथले जंतू जिवंत राहतात.

प्रश्न : घोळाण्याची मेथी मिठाच्या पाण्यात ठेवली तर पुरे का?
– एक गृहिणी, लातूर

उत्तर : नाही. मिठाच्या पाण्यानं अळ्या सुटतात, जंतू मरत नाहीत. जुडी सोडा, पानं वाहत्या पाण्याखाली चोळा. नळाला पाणी नसेल तर तांब्यानं वरून धार सोडा. स्वच्छ फडक्यावर कोरडी करा, चिरल्यावर लगेच खा. घरात गर्भार बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर त्यांना मेथी शिजवूनच द्या.